वार आणि हृदय : जन्मजात हृदयदोष असलेल्या गर्भावस्थेत वारेचे कार्य

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त मंडळ आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी या अहवालात एका वैद्यकीय विषयाचा परिचय करून देत आहोत. विषय प्रथमदर्शनी अपरिचित वाटेल. बाळाच्या हृदयातील जन्मजात दोषांविषयी आज पुष्कळ कुटुंबांना माहिती असते. शिबिरांतून, शाळांतील तपासणीतून आणि वर्तमानपत्रांतून ‘हृदयाला छिद्र’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला आहे. परंतु ज्या अवयवाच्या आधारे ते हृदय नऊ महिने वाढते, त्या वारेकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. बाळ जन्मले, वार पडली, ती पूर्ण पडली की नाही एवढे पाहिले, आणि विषय संपला, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या पंचवीस वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासाने ही समजूत बदलण्याची वेळ आणली आहे. हृदय आणि वार ही एकमेकांच्या आधाराने घडणारी जोडी आहे. एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही, हे या लेखाचे सांगणे आहे.

वार म्हणजे काय?

आयुर्वेदात वारेला ‘अपरा’ असे नाव आहे. आपल्या लोकव्यवहारात नाळ आणि वार यांना मोठा मान आहे. नाळ जिथे पुरली ती आपली भूमी, असे आपण म्हणतो. दोन माणसांचे मन जुळले तर त्यांची ‘नाळ जुळली’ असेही म्हणतो. या भाषेत शरीरशास्त्राचे सत्य दडलेले आहे.

पूर्ण दिवसांच्या प्रसूतीत पडणारी वार साधारण अर्धा किलो वजनाची, वीतभर रुंदीची आणि दोन ते तीन सेंटिमीटर जाडीची असते. ती बाळाच्या वजनाच्या सुमारे एक षष्ठांश भरते. तिच्या आत झाडाच्या मुळांसारखे फांद्या फुटलेले असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. ते सगळे उलगडून पसरले तर त्यांचा पृष्ठभाग दहा चौरस मीटरांहून अधिक होईल. हे अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि त्यांच्या आतून बाळाचे रक्त वाहते. आईचे व बाळाचे रक्त सहसा एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू व पोषक द्रव्ये बाळाकडे जातात आणि टाकाऊ पदार्थ आईकडे परततात. याचा अर्थ असा की, जन्मापूर्वी वार हीच बाळाची फुप्फुसे, तीच त्याचे आतडे आणि तीच त्याचे मूत्रपिंड असते. गर्भावस्था टिकवणारी संप्रेरकेही ती तयार करते.

नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. एका शिरेतून प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे येते आणि दोन धमन्यांतून वापरलेले रक्त वारेकडे जाते. हे रक्त वारेपर्यंत ढकलण्याचे काम बाळाच्या चिमुकल्या हृदयाचे आहे. गर्भावस्थेच्या मध्यावर ते हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एकट्या वारेकडे जातो. शेवटच्या महिन्यांत हे प्रमाण एक पंचमांशापर्यंत खाली येते. हृदयाचा एवढा मोठा भार ज्या अवयवाकडे जातो, त्या अवयवातील अडथळा हृदयाला जाणवल्याशिवाय कसा राहील?

एकाच वेळी घडणारे दोन अवयव

गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी बाळाचे हृदय धडधडू लागते. त्या वेळी ते केवळ एक नळी असते. ही नळी वळते, तिच्यात पडदे उभे राहतात, झडपा तयार होतात आणि आठवा आठवडा संपेपर्यंत चार कप्प्यांचे हृदय बव्हंशी घडलेले असते. याच काळात वारेतील अंकुर फुटतात, त्यांत रक्तवाहिन्या निर्माण होतात आणि त्या नाळेमार्फत हृदयाशी जोडल्या जातात. रक्तवाहिन्या घडविणारी अनेक जनुके दोन्ही ठिकाणी कार्यरत असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाळी चुकल्याचे स्त्रीच्या लक्षात येते तेव्हा गर्भधारणा होऊन दोन आठवडे उलटलेले असतात. खात्री करून ती आरोग्य केंद्रात पहिली नोंदणी करते, तोवर पुष्कळदा हृदयाची आणि वारेची मूळ बांधणी पूर्ण झालेली असते. म्हणून या दोन्ही अवयवांची खरी काळजी गर्भ राहण्यापूर्वीच सुरू व्हावी लागते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

संशोधनातून दिसलेले तीन मार्ग

हृदयदोष आणि वारेतील दोष एकत्र का आढळतात, याची तीन उत्तरे संभवतात, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी ठरली आहेत.

पहिला मार्ग वारेकडून हृदयाकडे जातो. १९९९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. एक विशिष्ट जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भांत हृदयाची भिंत पातळ राहत असे. त्याच गर्भांना प्रयोगशाळेत निरोगी वार मिळवून दिली, तेव्हा जनुकाचा अभाव तसाच असूनही हृदय सुधारले. म्हणजे दोष हृदयात दिसत असला तरी त्याचे मूळ वारेत होते. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भावस्थेतच दगावणाऱ्या उंदरांच्या शंभरावर जनुकीय प्रकारांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रकारांत वारेची घडण सदोष आढळली, आणि वारेच्या दोषाबरोबर हृदय, रक्तवाहिन्या व मेंदू यांतील दोष विशेषत्वाने दिसून आले.

माणसांत याचे उदाहरण जुळ्या बाळांत सापडते. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत हृदयदोषाचे प्रमाण इतर बाळांपेक्षा कितीतरी अधिक असते. वारेतील जोडवाहिन्यांमुळे काही वेळा एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जात राहते. ज्याला अधिक रक्त मिळते त्याच्या हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद होऊ शकते. दोघांची जनुके सारखी असूनही एकाचेच हृदय बिघडते. ही घटना वारेतील रक्तप्रवाहाचे महत्त्व स्पष्ट करते.

दुसरा मार्ग हृदयाकडून वारेकडे जातो. बाळाचे हृदय थकले, त्याचे ठोके दीर्घकाळ अतिजलद राहिले किंवा झडपेतून रक्त मागे गळत राहिले, तर बाळाच्या अंगावर सूज येते आणि वारही फुगून जाड होते. तिची देवाणघेवाण मग मंदावते.

तिसरा मार्ग समान कारणाचा आहे. आईला गर्भधारणेपूर्वीपासून असलेला व ताब्यात नसलेला मधुमेह हृदय आणि वार या दोहोंवर परिणाम करतो. अशा मातांच्या बाळांत हृदयदोषाचा धोका सर्वसाधारण मातांच्या तुलनेत तीन ते चार पट असतो. रुबेला, ज्यास जर्मन गोवर म्हणतात, त्याचे विषाणू आधी वारेला ग्रासतात आणि तेथून बाळाच्या हृदयापर्यंत पोहोचतात. हे नाते ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली मोतीबिंदू असलेल्या नवजात बाळांच्या निरीक्षणातून जगापुढे मांडले. त्या बाळांपैकी अनेकांना हृदयदोषही होता. डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या विकारातही हृदय आणि वार दोन्ही बाधित होतात.

मोठ्या लोकसंख्येवरील अभ्यासही हेच दर्शवितात. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०११ या काळात जन्मलेल्या ९ लाख २४ हजार बाळांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत साडेसात हजारांहून अधिक बाळांना हृदयदोष होता. टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो हा निळ्या बाळांचा परिचित विकार, तसेच खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे मोठे छिद्र, अशा काही दोषांत वारेचे वजन अपेक्षेपेक्षा कमी आढळले. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९८९ ते २०१२ या काळातील जन्मांचा अभ्यास झाला. गर्भावस्थेत रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, या विकारास डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात आणि त्याचे मूळ वारेत असते. ज्या मातांना हा विकार झाला त्यांच्या बाळांत हृदयदोषाचे प्रमाण हजारी १६.७ होते, तर इतर मातांच्या बाळांत ते हजारी ८.६ होते.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. रक्तदाब वाढलेल्या हजार मातांपैकी नऊशे ऐंशीहून अधिक मातांच्या बाळांचे हृदय निर्दोषच होते. त्यामुळे भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र अशा मातेच्या बाळाचे हृदय आवर्जून तपासावे आणि बाळाला हृदयदोष आढळल्यास आईचा रक्तदाब व बाळाची वाढ यांवर बारकाईने लक्ष ठेवावे, एवढा बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

वार दोष झाकून ठेवते

कुटुंबीयांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : ‘पोटात बाळ चांगले वाढत होते, जन्मल्यावर रडलेही, मग दोन दिवसांत असे कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर वारेच्या कार्यात आहे.

गर्भात बाळाची फुप्फुसे मिटलेली असतात आणि प्राणवायू वारेतून मिळतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक नैसर्गिक वाट उघडी असते, आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी व महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नलिकाही उघडी असते. त्यामुळे हृदयाचा एखादा कप्पा अविकसित असला किंवा दोन मुख्य वाहिन्यांची अदलाबदल झालेली असली, तरी रक्ताला दुसऱ्या वाटेने जाता येते. गंभीर दोष असलेले बाळही गर्भात वाढत राहते. वार त्याचा दोष सांभाळून घेत असते.

नाळ कापली की हा आधार संपतो. जोडनलिका उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य गर्भावस्थेत मोठ्या प्रमाणावर वारेकडूनच मिळत असते. जन्मानंतर त्याचे प्रमाण घटते आणि काही तासांत किंवा दिवसांत नलिका मिटू लागते. निरोगी बाळासाठी हे योग्यच आहे. ज्याचे रक्ताभिसरण त्या नलिकेवरच अवलंबून आहे, ते बाळ मात्र निळे पडते, दूध ओढेनासे होते, त्याचा श्वास वाढतो. अशा वेळी बालहृदयतज्ज्ञ शिरेतून जे औषध देतात ते त्याच प्रोस्टाग्लँडिनचे असते. वारेचे काम औषधाने काही काळ पुढे चालू ठेवावे लागते.

यातून आपल्या जिल्ह्यासाठी एक अत्यंत व्यावहारिक निष्कर्ष निघतो. दोष जन्मापूर्वी कळला, तर बाळाने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात पोहोचण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे आईच्या उदरातून जाणे. वार काम करीत असताना झालेला प्रवास आणि नाळ कापल्यावर धापा टाकणाऱ्या बाळाचा प्रवास यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे साठ किलोमीटर, तर मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग मुंबईच्या दिशेने पूर्ण खुला झाला असला, तरी उत्तम रस्ता आणि उत्तम रुग्णवाहिका मिळूनही वारेची बरोबरी होत नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासाचा धडा

वारेचा विषय परदेशी प्रयोगशाळांपुरता मर्यादित नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास केला. आपल्या खेड्यांतील माता त्यात सहभागी झाल्या. गर्भधारणेपूर्वी त्यांचे सरासरी वजन साधारण ४२ किलो होते. गर्भावस्थेच्या पंधराव्या ते अठराव्या आठवड्यात सोनोग्राफीने त्यांच्या वारेचे आकारमान मोजण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गर्भधारणेपूर्वी ज्या मातेचे वजन कमी तिची वार लहान, आणि ज्या मातेची वार लहान तिचे बाळ कमी वजनाचे, असा संबंध आढळला. त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध नियमित घेणाऱ्या मातांची बाळे वजनाने अधिक भरली.

पुढे २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘सरस’ या नावाने प्रकल्प झाला. पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून देण्यात आला. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने ज्यांनी तो घेतला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. खाऊ घेणाऱ्या गटात गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळले.

हे अभ्यास हृदयदोषांसाठी केलेले नव्हते, आणि पालेभाजी खाल्ल्याने हृदयदोष टळतो असा दावा त्यांवरून करणे योग्य होणार नाही. परंतु वारेची बांधणी आईच्या गर्भपूर्व प्रकृतीवर अवलंबून असते, हे त्यांनी आपल्याच मातीत दाखवून दिले. हृदयदोष असलेल्या बाळाला तर सशक्त वारेची गरज दुप्पट असते. जे बाळ पूर्ण दिवसांचे व पुरेशा वजनाचे जन्मते, ते शस्त्रक्रिया अधिक चांगल्या प्रकारे सोसते. शल्यविशारदाच्या हाती बाळ येण्यापूर्वी त्याची अर्धी तयारी वारेने केलेली असते.

दोष आईचा नव्हे

बाळाच्या हृदयात दोष निघाला की घरात पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो. ग्रहण पाळले नाही, वजन उचलले, नको ते खाल्ले, अशी कारणे शोधली जातात. यांपैकी ग्रहणाचा आणि हृदयदोषाचा काहीही संबंध नाही. जन्मजात हृदयदोष दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांत आढळतो. तो श्रीमंत-गरीब, शहर-खेडे असा भेद करीत नाही. बहुसंख्य बाळांत त्याचे एकच एक कारण दाखविता येत नाही. जनुके, वार, संसर्ग, मधुमेह, काही औषधे आणि जवळच्या नात्यातील विवाह यांचा कमीअधिक वाटा असतो.

वारेची घडण आईच्या इच्छेने ठरत नाही. किंबहुना वार ही आईच्या नव्हे, तर मुख्यतः बाळाच्या पेशींपासून, म्हणजे आई आणि वडील या दोघांच्याही वारशातून तयार होते. हे एवढे एक सत्य सासूबाईंनी व पतीने समजून घेतले, तरी आधीच दुःखात असलेल्या मातेवरचा मोठा भार हलका होईल.

आईच जन्मजात हृदयरोगी असल्यास

लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुली आज विवाहाच्या व मातृत्वाच्या वयात येत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. गर्भावस्थेत आईच्या हृदयाला नेहमीपेक्षा चाळीस ते पन्नास टक्के अधिक रक्त पुरवावे लागते आणि अखेरच्या महिन्यांत दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गर्भाशयाकडे जाते. आईचे हृदय हा भार पेलू शकले नाही, तर वारेचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि बाळ लहान राहते. नेदरलँड्समधील अभ्यासात अशा मातांच्या गर्भाशयाकडील रक्तप्रवाहात बदल आढळले आहेत. म्हणून अशा मुलींनी विवाहानंतर गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच हृदयतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. लहानपणीच्या शस्त्रक्रियेचे कागद माहेरी राहतात आणि सासरी कोणास काही ठाऊक नसते, असे होऊ देऊ नये.

जालना जिल्ह्यात काय करता येईल?

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी पंधरा-सोळा धरला, तर जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीस हजार जन्म होतात. त्यांत अडीचशेच्या आसपास बाळे हृदयदोष घेऊन येत असावीत, आणि त्यांपैकी पन्नासएक बाळांना पहिल्या वर्षातच उपचाराची गरज पडत असावी. हा केवळ ढोबळ हिशेब आहे. पण कार्याची व्याप्ती त्यावरून कळते.

पहिले कार्य गर्भधारणेपूर्वीचे आहे. नवविवाहित मुलीचे वजन, रक्तातील हिमोग्लोबिन आणि साखर तपासावी. फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भ राहण्यापूर्वीच सुरू कराव्यात. गोवर-रुबेला लस महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेपासून मोठ्या प्रमाणावर दिली गेली. त्यापूर्वी मोठ्या झालेल्या मुलींनी आपल्याला ती मिळाली की नाही याची चौकशी करावी. ही लस गर्भ राहण्यापूर्वी घ्यावयाची असते, गर्भावस्थेत नव्हे. तंबाखू आणि मिश्री सोडावी.

दुसरे कार्य योग्य वेळी सोनोग्राफी करण्याचे. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाचे चार कप्पे, मुख्य वाहिन्या, वारेची जागा, नाळ वारेच्या मध्यभागी जोडलेली आहे की कडेला, आणि नाळेत तीनही वाहिन्या आहेत की दोनच, हे पाहता येते. शंका आल्यास बाळाच्या हृदयाचा एको करावा. ही तपासणी मुलगा की मुलगी पाहण्यासाठी नाही. १९९४ च्या कायद्याने लिंगनिदानास बंदी आहे.

येथे आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. सप्टेंबरमध्ये दिवस राहिलेल्या मातेचा अठरावा आठवडा जानेवारीत, म्हणजे फडावरच येतो. ती गावी परतते तेव्हा तपासणीची योग्य वेळ निघून गेलेली असते. अशा मातांनी निघताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे आणि कारखान्याजवळच्या शासकीय रुग्णालयात दाखवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत मोफत तपासणी होते. ती तारीख मुकादमालाही ठाऊक असावी.

तिसरे कार्य प्रसूतीनंतरचे आहे, आणि त्यास खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक वार फेकण्यापूर्वी तिचे वजन करावे. ती पूर्ण आहे का, रंग कसा आहे, कुठे घट्ट पांढरट भाग किंवा गोठलेले रक्त आहे का, नाळेत किती वाहिन्या आहेत, हे पाहून केसपेपरवर दोन ओळी लिहाव्यात. बाळाला हृदयदोष असेल, बाळ वजनाने फार लहान असेल किंवा आईचा रक्तदाब वाढला असेल, तर वार विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवावी. या दोन ओळींचा उपयोग पुढील गर्भावस्थेत आईला होतो, आणि बाळाच्या डॉक्टरांनाही.

चौथे कार्य बाळ घरी जाण्यापूर्वीचे. जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला व एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण मोजावे. ते ९५ टक्क्यांहून कमी भरले किंवा हात आणि पाय यांत तीन टक्क्यांहून अधिक फरक आढळला, तर तपासणी पुन्हा करून बालरोगतज्ज्ञास दाखवावे. वेदनारहित अशी ही काही मिनिटांची तपासणी आहे.

दोष आढळलाच, तर कुटुंबाने खचून जाऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याअंतर्गत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयदोषाच्या उपचारासाठी पाठविले जाते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या राज्य योजनेतही बालहृदय शस्त्रक्रियांचा समावेश आहे. नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी केंद्रात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. त्यामुळे केवळ पैशाअभावी बाळाचा उपचार थांबवू नये. योजनेची कागदपत्रे मात्र प्रसूतीपूर्वीच तयार ठेवावीत.

समारोप

हृदयशस्त्रक्रियेसाठी दिलेल्या देणगीचे फळ डोळ्यांना दिसते. निळे पडलेले बाळ गुलाबी होऊन घरी जाते, त्याचे छायाचित्र अहवालात छापता येते. प्रसूतिगृहातील वजनकाटा, नवविवाहितेच्या रक्ततपासणीचा खर्च, फडावर जाणाऱ्या मातेच्या हाती दिलेले कार्ड, अठराव्या आठवड्यातील एक सोनोग्राफी यांचे छायाचित्र निघत नाही. तरीही जे बाळ शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत सशक्त पोहोचते, ते या अदृश्य साहाय्यामुळेच पोहोचते. वार स्वतः दिसत नाही, बाळ जन्मले की तिचे कार्य संपते, आणि तिचे आभार कोणी मानत नाही. परंतु नऊ महिने तिने हृदयाला जो आधार दिला, त्यावरच पुढील आयुष्याची इमारत उभी असते. देणगीदारांनी आपल्या दातृत्वाचा काही वाटा या पायाभूत कामाकडे वळवावा, आणि कुटुंबीयांनी घरातील सुनेच्या प्रकृतीची काळजी गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यावी, अशी नम्र विनंती आहे.